एकही साथ न आलेली वस्ती

माझी वहिनी वस्तीतल्या आरोग्य केंद्रात परिचारिका आहे आणि मी साथसज्जता कचेरीत आकडे जुळवतो. म्हणजे रोग ती थांबवते आणि टक्केवारी मी काढतो. साथीला देश किती तयार आहे याचा एक आकडा दरवर्षी निघतो. त्यासाठी प्रत्येक केंद्र, अगदी आमची कचेरीसुद्धा, अठ्ठेचाळीस प्रश्नांचा तक्ता भरतं. तक्त्याचा नियम साधा: कागद असेल तर गुण, कागद नसेल तर ती गोष्ट जगात नाही.

घोडं अडलं एकतिसाव्या प्रश्नावर. गेल्या बारा महिन्यांत किती साथी वेळेत शोधल्या? वहिनीच्या वस्तीचं उत्तर होतं शून्य. एकाचं पोट बिघडलं की दुसऱ्याचं बिघडायच्या आत ही बाई पाण्याच्या टाकीवर चढलेली असते. पलीकडच्या वस्तीत सात साथी आल्या आणि सातही सापडल्या. न सापडून जातात कुठे, अर्धी वस्ती केंद्राच्या पायऱ्यांवरच बसली होती. त्यांना पूर्ण गुण आणि वर ढाल. वहिनीचं मात्र हे शून्याचं दुसरं वर्ष. सलग दोन शून्यं आली की निगराणी झोपली आहे असं समजतात, केंद्र बंद करतात आणि परिचारिकेला पार दुसऱ्या टोकाला पाठवतात. दुसरं शून्य कच्च्या यादीत माझ्याच हाताने मांडलं गेलं होतं. पक्के तक्ते घ्यायचा शेवटचा दिवस शुक्रवार.

बुधवारी जेवताना मी घरी सांगून टाकलं. आई दोन वर्षं अंथरुणावर आहे आणि तिचं सगळं वहिनीच बघते, त्यामुळे बदली म्हणजे घराचं कंबरडंच मोडणं. दादाने बराच वेळ पाण्याचा पेला गोल फिरवला आणि एखादी लहानशी साथ, सर्दीबिर्दीची, जमणार नाही का असं विचारलं. आईने आतून कळवलं की तिचा खोकला हवा तर घ्या. मला सांगावं लागलं की एकटीचा खोकला साथीत धरत नाहीत.

"भाऊजी, साथ आणायला काय लागतं," वहिनी म्हणाली. "मी दोन दिवस हातावर हात ठेवून बसले की येईल. पण तुमच्या चौकटीत आकडा पडायचा तर कुणाचं तरी पोर आडवं पडायला हवं."

दादाने पेला खाली ठेवला.

शुक्रवारी सकाळी ती स्वतःच तक्ता द्यायला कचेरीत आली. आमची कचेरी तिच्याच वस्तीत मोडते हे कधी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. साथी मोजणाऱ्यांना साथ येत नसते, असा आमचा ठाम समज. ती दारातच थांबली. समोर दहा जण काळे चष्मे लावून कागद नाकाशी धरून बसले होते. तपासणी पथक येणार म्हणून आठवडाभर रजा बंद होत्या, तेव्हा डोळे आलेले सगळे इमानेइतबारे कामावर हजर होते. आजारी कर्मचाऱ्याने घरी राहावं असं धोरण आहे का, या प्रश्नापुढे आम्ही 'आहे' लिहून धोरणाची प्रत जोडली होती.

वहिनीने पिशवीतून वही काढली आणि टेबलामागून टेबल विचारत निघाली. डोळे कधी आले, त्याआधी काय केलं, कुणाजवळ बसलात. तासाभरात सगळे धागे एकाच जागी येऊन थांबले: सोमवारचा फोटो.

तक्त्यात हात धुण्याच्या सवयीचा पुरावा मागितला होता. म्हणून सोमवारी साहेबांनी माणसं बेसिनपाशी रांगेत उभी केली. साहेबांना धरून फोटोत अकरा मावले. अकराही जणांनी अगदी मन लावून हात धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि एकाच टॉवेलला पुसलं, कारण फोटोत शोभेल असा पांढराशुभ्र टॉवेल एकच होता, साहेबांचा. साहेबांचा डोळा रविवारपासून चुरचुरत होता. फोटो मी काढला, म्हणून मी वाचलो.

वहिनीने अहवाल साहेबांपुढे ठेवला. रुग्ण अकरा, उगम टॉवेल, उपाय सगळ्यांना आजच घरी पाठवणे. साथ वेळेत शोधल्याचे गुण केंद्राला मिळायचे तर खाली कार्यालयप्रमुखाची सही हवी होती. साहेबांनी काळ्या चष्म्याआडून कागद दोनदा वाचला.

"सिस्टर, उगम 'वातावरण' असा लिहिला तर?"

"वातावरण कुणाचं तोंड पुसत नाही, साहेब."

साहेबांनी मान माझ्याकडे वळवली. मी सांगितलं की फोटो बाद झाला तर दोन गुण जातील, पण साथ धरली तर पाच मिळतील. साहेब जरा सावरून बसले, देशाचा आकडा वाढत असेल तर मध्ये येणारे आपण कोण असं काहीसं पुटपुटले आणि सही केली, रेघेच्या बोटभर खाली.

दुपारी वरून आदेश आला: केंद्र कायम, निगराणीत लक्षणीय सुधारणा. देशाचा आकडाही दशांशाने वर सरकला होता, कारण देशात अकरा माणसं जास्त आजारी होती.

आदेश घेऊन मी केंद्रावर गेलो तेव्हा वहिनी कुलूप लावून निघालीच होती. लोहाराच्या मागच्या घरात एका मुलीला ताप होता आणि अंगावर पुरळ उठलं होतं.

"एकटीलाच?" मी विचारलं.

"अजून तरी."

आदेश न वाचताच तिने पिशवीत कोंबला आणि पुढच्या वर्षाचे गुण घालवायला ती भराभर चालू लागली.