अकरावं पान

दवाखान्यात त्यांना सगळे वाचनबाई म्हणत. नव्या औषधाच्या अभ्यासात नाव घालायला आलेल्यांना चौदा पानांचं संमतीपत्र वाचून दाखवायचं, समजावायचं आणि प्रत्येक पानाखाली सही नाहीतर अंगठा घ्यायचा, हे त्यांचं काम. पण समोरचं माणूस तरी किती ऐकणार? नवव्या पानापर्यंत माना डुलायला लागत. मग वाचनबाई पुढची पानं भराभर उलटत, "पुढे तेच ते आहे हो," म्हणत आणि समोरच्याचा अंगठा स्वतः धरून टेकवत. लोकांची दया येऊन करत, हे खरं. पण त्यात त्यांचाही घसा वाचत होता, हेही तितकंच खरं.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईचा अंगठाही त्यांनी असाच टेकवला होता. तिच्या चौदा वर्षांच्या मुलीला सारख्या फिट्स यायच्या. पोरीच्या हाताला कात्री लागू द्यायची नाही आणि तिला चुलीजवळ फिरकू द्यायचं नाही, यात आईचा जन्म चालला होता. नवं औषध सुरू झालं आणि फिट्स थांबल्या. दोन वर्षांत एकही नाही. पोरगी आईच्या मशीनवर बसायला लागली, स्वतःसाठी फ्रॉक शिवला आणि तो घालून दवाखान्यात मिरवून गेली. फ्रॉकचा गळा वाकडा शिवला गेला होता, तरी वाचनबाईंनी तोंड भरून कौतुक केलं.

मग अभ्यास संपला. औषध हळूहळू कमी करत बंद केलं गेलं.

तिसऱ्या आठवड्यात आई मुलीला घेऊन आली. मशीन चालू असतानाच फिट आली होती आणि सुई बोटातून आरपार गेली होती. पोरगी पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसली.

"औषध द्या. एवढंच मागते," आई म्हणाली.

डॉक्टर काही वाईट माणूस नव्हते. औषधाच्या कंपनीला तीन पत्रं लिहून ते थकले होते. "अभ्यासानंतर औषध मिळणार नाही, हे अकराव्या पानावर लिहिलंय," ते म्हणाले. "बाई, फाईल काढा. वाचून दाखवा त्यांना."

वाचनबाईंनी अकरावं पान काढलं आणि पहिल्यांदाच सावकाश वाचलं. पाच ओळी होत्या. खाली अंगठा, जरा फरफटलेला.

"ताई, हे तेव्हा वाचलं होतंत तुम्ही?" आईने विचारलं.

डॉक्टरांनीही वर पाहिलं. 'नाही' म्हटलं तर नोकरी जाणार होती. वाचनबाईंनी फाईल मिटली.

"हो," त्या म्हणाल्या.

आईने मान हलवली. "मग माझंच लक्ष नसेल. तुम्ही घसा फोडून सांगत होता आणि मी मेली पेंगत होते." तिने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "चुकलं गं आईचं."

वाचनबाईंना स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे निघून गेले. आता तरी खरं सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात आईचं लक्ष टेबलावरच्या नव्या गठ्ठ्याकडे गेलं.

"हा दुसरा अभ्यास का? फिट्सचाच?"

"फिट्सचाच. पण औषध वेगळं आहे. आणि अर्ध्या मुलांना औषध नसलेल्या नुसत्या गोळ्या देणार आहेत. कुणाला काय मिळेल ते आम्हालाही कळत नाही."

"हिचं नाव घाला."

"आधी ऐकून घ्या. सगळं वाचते, एकही पान सोडत नाही. गेल्या वेळी मी..."

"नका हो वाचत बसू. तुमच्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा?"

वाचनबाईंनी तरी नवं संमतीपत्र उघडलं. पहिलं पान बाजूला सारून त्यांनी आधी अकरावं काढलं आणि एकेक शब्द सुटा करून वाचायला लागल्या. वाचता वाचता वर पाहिलं, तर आईने शाईचं पॅड पुढे ओढून अंगठा बुडवला होता आणि कुठे टेकवायचा म्हणून ती वाट बघत होती.