तिसरा ठोका

दिल्लीहून प्रज्ञेशचं शौर्यपदक घरी आलं. त्याच आठवड्यात उत्कर्षानं आईला सांगून टाकलं, "रविवारी आमचं पथक दादाला मानवंदना देणार आहे. नदीपात्रात. त्याचा ढोल मी वाजवणार."

शर्मिलाताई मेथी निवडत होत्या. "त्या ढोलाला हात लावायचा नाही."

"पथकात मला त्यानंच नेलं ना गं?"

"म्हणूनच."

कॅप्टन प्रज्ञेश सीमेवर शहीद झाला तेव्हापासून नारायण पेठेतल्या त्या घरात ढोल माळ्यावर होता, जुन्या साडीत गुंडाळलेला. गल्लीत ताशा कडाडला की शर्मिलाताई खिडक्या लावून घ्यायच्या. रान निजे, पाखरू निजे, आईचा डोळा काही निजत नसे.

"तू नको म्हणालीस तरी मी वाजवणार," उत्कर्षा म्हणाली.

"मग मी नसेन तिथे."

शनिवारी दुपारी दशरथ आला. प्रज्ञेशच्या तुकडीतला जवान. काखेत कुबडी, तीन जिने चढून घामाघूम.

"लिफ्ट नाही हो," उत्कर्षा म्हणाली. "सोसायटीनं ठराव केलाय. दरवर्षी करते."

तो हसला. पदकासमोर ताठ उभा राहून त्यानं सलाम केला, मग शर्मिलाताईंसमोर बसला.

"माउली, साहेबांमुळं मी जित्ता हाय. आम्ही जखमी, खाली उतरायला एकच घळ, वरनं गोळ्या. साहेब म्हणले, तुम्ही उतरा, मी कड्यावर थांबतो. वायरलेस फुटलेला. मी म्हणलं, तुम्ही हाय का न्हाई, आम्हाला कसं कळायचं?"

"मग?"

"म्हणले, माझी रायफल ऐकत राहा. आमच्या पुण्याचा ढोल वाजतोय असं समज. ताल ऐकू येतोय तोवर मागं वळायचं नाही."

दशरथनं कुबडी फरशीवर आपटली. ठक, ठक... ठक. ठक, ठक... ठक.

उत्कर्षाचा हात आपसूक मांडीवर पडू लागला. दादानं तिला शिकवलेला पहिला ताल.

"तेवढ्या तालावर आम्ही समदे उतरलो. शेवटचा मी. पायथ्याला टेकलो, अन्..."

कुबडी थांबली.

"कुठं थांबला माझा लेक?" शर्मिलाताईंनी विचारलं.

"दोन ठोके आले, माउली. तिसरा न्हाई आला."

खालच्या रस्त्यावर रिक्षा हॉर्न देत राहिली. शर्मिलाताई उठल्या.

"उत्कर्षा, स्टूल आण."

ढोल खाली आला. त्यांनी साडीची गाठ सोडली, वाजवायच्या पानावरची धूळ पदरानं पुसली आणि ढोलाशी बसल्या.

"बाळा, ते दोन ठोके दे पुन्हा."

ठक, ठक.

शर्मिलाताईंनी तळहात उचलला आणि तिसरा ठोका दिला.

दोरी सैल पडलेली. आवाज बसका आला.

"ओढून घे ही," त्या लेकीला म्हणाल्या. "उद्या पार पुलापलीकडं ऐकू गेला पाहिजे. मी समोर उभी असेन. आणि तू मध्ये थांबायचं नाहीस."