खडखडाटातलं नाव

पहिल्याच दृश्यात दिपालीने नारपोलीतला तो यंत्रमागाचा कारखाना ओळखला. लग्नाआधी ती तिथे सुताच्या कांड्या भरायची. पडद्यावर कांडीच्या यंत्रासमोर एक मुलगी होती आणि पलीकडे लूमवर एक मुलगा. ही शॉर्टफिल्म प्रितम नावाच्या माणसाने बनवली आहे, एवढंच मिलिंदला माहीत होतं. प्रितम आपल्या बायकोचा कोण होता, हे माहीत नव्हतं.

"गोदामातला विपुल म्हणाला, बघच. बक्षीस मिळालंय," मिलिंद म्हणाला. रविवारची दुपार होती. त्याने मोबाईल टीव्हीला जोडला होता. सासूबाई, कौसल्या, भिंतीला टेकून वाल सोलत होत्या.

लूम चालू असले की शेडमध्ये माणसाचा आवाज पोचत नाही. कामगार नुसते ओठ हलवतात, समोरचा ओठांवरून वाचतो. फिल्ममधले दोघं तसेच बोलत होते आणि खाली अक्षरं नव्हती. मिलिंदला शब्द कळत नव्हते, तरी तो पुढे सरकून बसला होता. दिपालीला सगळं कळत होतं. सासूबाईंची हयात लूमच्या कारखान्यात गेली होती. दिपालीने त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

फिल्ममधल्या मुलीचं लग्न ठरलं. ती यायची थांबली. मग एके दिवशी वीज गेली आणि सगळे लूम एकदम बंद पडले. आता बोललेलं ऐकू आलं असतं. तरी मुलाने रिकाम्या जागेकडे बघून नुसते ओठ हलवले. दि-पा-ली. पडदा काळा झाला.

मिलिंदने बाहीने डोळे पुसले. "काय बनवलंय राव. एवढ्या खडखडाटात बोलले, आणि शांत झालं तेव्हा याच्या तोंडून आवाज निघेना." मग तो वळला. "पण शेवटी म्हणाला काय?" दिपालीने 'नाही कळलं' अशी मान हलवली. "आई, तुला कळलं असेल."

"चष्मा न्हाय."

त्याने चष्मा आणून दिला. शेवट पुन्हा लावला.

"मी चहा ठेवते," दिपाली उठली.

"बस गं. चहा कुठे पळतोय?"

कौसल्याने वालाची शेंग हातातच धरून पडद्याकडे पाहिलं. मग पुन्हा लावायला सांगितलं.

"जपून, म्हनला," कौसल्या म्हणाली.

"जपून?"

"जपून ऱ्हा म्हनायचं असंल त्याला. पुढचं न्हाय बोलवलं बिचाऱ्याला."

"कमाल आहे," मिलिंद हळूच म्हणाला आणि मोबाईल उचलला. "विपुलला कळवतो. पुढच्या रविवारी नारपोलीच्या हॉलमध्ये दाखवणार आहेत, कारखान्यातल्या सगळ्या बायकांना बोलावलंय. प्रितम स्वतः येणार. आपण तिघंही जाऊ."

तो खाली मान घालून टाइप करू लागला. कौसल्याने चष्मा काढला, सुनेकडे पाहिलं आणि आवाज न काढता ओठ हलवले.

'त्या दिवशी माजं गुडघं दुखनार हाय. मला दवाखान्यात न्याया लागंल.'

दिपालीने तसंच विचारलं, 'आणि कारखान्यातल्या कोणी यांना सांगितलं तर?'

कौसल्याने पुढची शेंग घेतली.

"आई, जपून ऱ्हा की नुसतं जपून?" मिलिंदने मान वर न करता विचारलं. "नीट लिहितो. विपुल नारपोलीवाल्यांच्या ग्रुपवर टाकणार आहे."