भिंत नसलेले दार

मी एक दार आहे, आणि मला भिंत नाही. पनवेलमधल्या एका बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत, दोन तिरक्या टेकूंच्या आधाराने, चौकटीसकट मी मोकळ्या जमिनीवर उभे आहे.

जन्मतः माझी ही अवस्था नव्हती. मी सागाचे, वरच्या अर्ध्या भागात दुधी काच. बत्तीस वर्षे मी एका दंतवैद्याच्या दवाखान्याला होते. माणूस दारापाशी कसा वागतो, याचा अभ्यास तेवढ्या काळात आपोआप होतो. दुखरी दाढ घेऊन आलेला मनुष्य टकटक करण्यापूर्वी हमखास थबकतो. आत आणि बाहेर असे दोन प्रदेश वेगळे करण्याचा अधिकार उंबरठ्याला लोकच देतात. इमारत पाडली, मी भंगारात गेले, आणि माझा तो अधिकार संपला.

तेथून मला विश्वजीतने आणले. तो कॉलेजात शिकवतो. जुन्या गुप्तहेरकथांतला एकाकी, तिरकस बोलणारा, आतून हळवा नायक पनवेलमध्ये आणायचा, असा त्याचा चित्रपट होता. भर दुपारी खिडक्यांना काळे कापड लावून तो रात्र तयार करी. धुक्यासाठी धूप जळे. व्हिस्कीच्या ग्लासात कोरा चहा असे. प्रितेश पेंटरने माझ्या काचेवर लिहिले : ‘विठू कडू, खाजगी गुप्तहेर’. विठूचे काम कुंदनकाका करीत. न्हावा शेव्याच्या बंदरातून निवृत्त झालेले कारकून. पत्नी वारल्यापासून घरी एकटेच.

चित्रीकरण नसताना मला कोणी उघडत नसे. भिंतच नाही, तर ती तसदी कोण घेणार? वायरी ओढत, डबे सांभाळत सगळे माझ्या बाजूने जात. दार असूनही कोणाला न लागणे, याहून मोठे एकटेपण मला ठाऊक नाही.

एके दुपारी टकटक झाली. संवाद पाठ करीत बसलेल्या कुंदनकाकांच्या तोंडून सवयीने पटकथेतलेच वाक्य गेले, “दार उघडंच आहे.”

शेजारच्या बांधकामावर विटा वाहणारी सोमी होती. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीवरची. तिने चपला बाहेर काढल्या, वाकून उंबरठ्याला बोटे लावून कपाळी नेली, आणि मला ढकलून ती आत आली. दोन्ही बाजू मोकळ्या असताना.

“दारावर काय लिवलंय ते मुकादमानं वाचून दावलं. माणूस शोधता ना सायेब तुमी?”

“मावशी, शूटिंग आहे हो हे,” विश्वजीत हसला. “हे डिटेक्टिव्ह खोटे आहेत.”

“खोटं कसं? दारावर नाव हाय की!” ती काकांकडे वळली. “माझा भाव, गोमा. आई मेली तवा रांगत व्हता, मीच वाडवला. उरणकडं कामाला गेला, त्याला तीन वरसं झाली. जिता हाय का नाय, येवडंच सांगा.”

विश्वजीतचे डोळे चमकले. “काका, असंच बसा. कॅमेरा रोल करतो.”

काकांनी कॅमेऱ्याच्या भिंगावर तळहात ठेवला. “गप बस, पोरा. बाय, कसल्या कामाला गेला त्यो?”

बंदराच्या आसपासची कंटेनर ठेवायची यार्डे काकांच्या पायाखालची होती. आठ दिवस ते फिरले. नवव्या दिवशी येऊन खुर्चीत बसले. “गावला. कंटेनर दुरुस्त करतो. नाव बदललंय, लगीन केलंय. बायकोला सांगितलंय, माझं कोणीच नाय. मला म्हणाला, ताईला सांगा, गावला नाय.”

“मग?” विश्वजीतने विचारले.

“आपला विठू काय करतो रे अशा वेळी?”

“खरं सांगतो, काका. आणि एकटा राहतो.”

त्याच दुपारी सोमी आली. तशीच टकटक, तशीच बोटे उंबरठ्याला. काका टेबलाकडे पाहत म्हणाले, “नाय गावला, बाय.”

तिने नजर चुकवणाऱ्या काकांकडे नीट पाहिले. मग हळूच विचारले, “अंगानं भरलाय का जरा?”

“हां, भरलाय,” काका बोलून गेले. बोलल्यावर त्यांनी मान खाली घातली.

“बास. मंग बरा हाय.”

बाहेर जाऊन तिने मला आवाज न करता ओढून घेतले. माझ्या दुधी काचेवर तिची सावली थोडा वेळ थांबली, आणि मग नव्हती.

चित्रपट पुरा झाला. टाळ्याही पडल्या म्हणतात. त्यात हा प्रसंग नाही. नंतर एकदा काका एकटेच आले, ब्लेडने माझ्यावरची अक्षरे खरवडली, आणि बाजूने न जाता माझ्यातून बाहेर पडले. आता धूळ तेवढी भेटायला येते.

जो कोणी मला नेईल, त्याने मला एक भिंत द्यावी, एवढी विनंती आहे. आणि टकटक ऐकू आली, तर ‘दार उघडंच आहे’ म्हणण्यापूर्वी, आत खरोखर कोणी आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे.