चौथा शब्द

चैत्रातले ऊन. प्रवरेच्या आटलेल्या पात्रावर, पांढऱ्या वाळूवर, काळ्या कातळावर उतरलेले निर्मळ, निर्दय ऊन. कडुनिंबाला मोहर आलेला, आणि त्याच्याखाली सावली इतकी विरळ, की सावली म्हणजे थोडे कमी ऊन, एवढेच.

नदीच्या अलीकडे चर्च. पलीकडे वीटभट्टीची वस्ती.

पावसाळा सरल्यावर चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, पलीकडे जाऊ लागले होते. त्यांनी पत्रके वाटली नाहीत, कविता नेली. संध्याकाळी धूर निवळला, की ते बायकांना एखादे स्तोत्र समजावून सांगत, आणि म्हणत, आता हेच तुमच्या शब्दांत बांधा. जे ओठांवर बसते, ते काळजात रुजते. मातीने माखलेल्या हातांच्या, धुराने भरलेल्या डोळ्यांच्या त्या बायका आधी लाजल्या, मग हसल्या, मग गाऊ लागल्या.

कौसाबाई ओहोळ गाऊ लागली, आणि थांबेना. नाताळात तिचा बाप्तिस्मा झाला, तिच्या लेकीचाही. लेकीचे नाव पाळकसाहेबांनी ठेवले : तबिथा. शास्त्रातली तबिथा मेली होती, आणि प्रेषिताने 'ऊठ' म्हणताच उठून बसली होती.

माघात तबिथाला ताप आला. अलीकडच्यांनी उपास केले, पलीकडच्यांनी गुडघे टेकले. ताप चढत गेला, भट्टीसारखा, आतल्या आत. मग उतरला, आणि त्याच्याबरोबर सगळेच उतरले. श्वास, रंग, ऊब. कौसाबाई पहाटेपर्यंत 'ऊठ' म्हणत राहिली.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, वधस्तंभावरून ख्रिस्त जे सात शब्द, सात उद्गार बोलला, ते सात जणांनी उलगडायचे, असा त्या चर्चचा रिवाज. यंदा पाळकसाहेबांनी ते वस्तीला दिले, कवितेत बांधायला. चौथा शब्द कौसाबाईच्या वाट्याला आला. त्या शब्दात पुत्र पित्याला विचारतो, मला का सोडलेस?

तिने बांधले :

तुझ्या दाराशी मी आले, लेक पदरात होती;
दार उघडले नाही, हाती परतली माती.
का रे सोडिलेस मला, माझ्या देवा, काही बोल?

पाळकसाहेबांचे डोळे पाणावले. ते भले माणूस होते. पण शेवटच्या ओळीला जोड नव्हती, आणि जोड नसलेली ओळ त्यांना उघड्या जखमेसारखी दिसली. त्यांनी पेन काढले, खाली लिहिले :

तिसऱ्या प्रभाती कळे, तुझ्या आसवांचे मोल.

कौसाबाई म्हणाली, हे माझे नाही. पाळकसाहेबांनी समजावले, की तिसऱ्या दिवशी, रविवारी, ख्रिस्त थडग्यातून उठलाच; आणि या शुक्रवारी वस्तीतली नवी माणसे प्रथमच येतील. त्यांना आशेवाचून कसे परत पाठवायचे? महिला मंडळाच्या सुनंदाताई ईस्टरच्या रविवारसाठी लागणाऱ्या वेण्या मोजता मोजता म्हणाल्या, "एक ओळ तर आहे, कौसा. जीभ झिजते का?"

कौसाबाईने कागद पाळकसाहेबांपुढे धरला.

"साहेब," ती म्हणाली, "शुक्रवारी रविवार कसा म्हणू?"

कागद घडी घालून तिच्या हातात ठेवला गेला.

त्या शुक्रवारी यरुशलेमेवर भरदुपारी अंधार पडला होता, असे शास्त्र सांगते. ते ग्रहण नव्हते. यहुद्यांचा वल्हांडण सण पौर्णिमेचा, आणि पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या आड येऊच शकत नाही. तो अंधार कशाची सावली होता, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

इथे अंधार नव्हता. पत्रा तापला होता, पंखे गरम हवा फिरवत होते. पहिला शब्द झाला, दुसरा, तिसरा. कौसाबाई वेदीपुढे उभी राहिली. कागद घडीतच होता. तिने आपल्या तीन ओळी म्हटल्या, शांत, सावकाश, जशी वीट साच्यातून अलगद उतरवावी. आणि थांबली.

शांतता पसरली. खोल, कोरडी, विहिरीसारखी शांतता. क्षणभर सगळे चर्च तिच्या काठावर उभे होते, आणि आत वाकून पाहत होते.

मग ध्वनिक्षेपकातून पाळकसाहेबांचा मऊ, सुरेल, दयाळू आवाज आला :

"तिसऱ्या प्रभाती कळे, तुझ्या आसवांचे मोल."

आमेन, लोक म्हणाले. सुटल्यासारखे म्हणाले. पेटी सुरू झाली.

उपासना संपल्यावर बायकांनी तिला मिठीत घेतले. पलीकडची एक तरुण पोर, पहिल्यांदाच आलेली, तिचा हात धरून म्हणाली, "मावशी, तुमच्या शेवटच्या ओळीनं फार आधार दिला."

कौसाबाईने मान हलवली. पोरीला काय सांगायचे?

उपास सोडायला सरबत वाटत होते. पेला घेऊन ती चर्चच्या मागे गेली, जिथे एक आखूड, तबिथाएवढा, अजून न खचलेला मातीचा उंचवटा होता. तिने पेला कलंडवला. गोड पाणी उन्हात चकाकले, ढेकळांवरून ओघळले, भेगांत शिरले.

मातीने ते पिऊन टाकले. आणि माती होती तशीच राहिली. कोरडी, उष्ण, मुकी.