मी ओरडत होतो, रिकाम्या कंसात

मी लिसनर. आवाज टिपणाऱ्या एका प्रोग्राममधल्या चार ओळी, एवढाच माझा देह. माइक निघाला किंवा बिघडला की ताबडतोब खबर द्यायची, हे माझं काम.

एका तरुणाने मला हौसेने लिहिलं. तेव्हा माझी खबर पडद्यावर झळकायची. पण त्याचे साहेब वैतागले. "अरे, वायर जरा हलली की हा बोंब ठोकतो! गिऱ्हाईक घाबरतं. चूक आली तर गिळून टाक."

त्याने मुकाट्याने ऐकलं. माझी खबर जिथे पोचायची तिथे महिरपी कंस उघडला आणि आत काही न लिहिता बंद केला. आता खबर त्या पोकळीत पडायची आणि तिथेच विरायची.

त्या तरुणाचे बाबा बाजारात लिलाव पुकारायचे. त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्र काढायचं ठरलं.

"बाबा, आधी तुमचा आवाज साठवू. मग तुम्ही टाइप करायचं, संगणक तुमच्याच आवाजात बोलेल."

"म्हणजे तुझ्या आईशी भांडायची सोय झाली म्हण की!"

"मेलीची सुटका नाहीच," आई आतून म्हणाली.

दवाखान्यात जायच्या दिवशी बाबा वाक्यं वाचायला बसले. मुलगा आत पिशवी भरत होता. वाचण्याआधी त्यांनी मुलाला एकच प्रश्न विचारला आणि माइकची पिन सैल खाचेतून निसटली. मी ओरडलो. कंसाने गिळलं. पडद्यावर रेकॉर्डिंग चालू असल्याचा लाल ठिपका लुकलुकत राहिला, आणि त्याच्याकडे बघत बाबा दुपारभर दुखरा घसा खरवडत राहिले.

गाडी दारात आली. ऐकून बघायला सवड कुणाला होती?

ऑपरेशननंतर मुलाने फाइल लावली. तीतून बाबांचा आवाज आला, "येतोय ना रे माझा आवाज?" आणि पुढे पडद्यावर आवाजाची नुसती सपाट रेघ.

"वायर ओढलीत ना? हात लावू नका म्हणून किती वेळा सांगितलं! आता बोला ना!"

बाबांचे ओठ हलले. गळ्यावरच्या भोकातून नुसती हवा आली. त्यांनी मुलापुढे हात जोडले.

दुसऱ्या दिवशी मुलाने मला उघडलं. रिकामा कंस पाहिला. मग पडद्यावरची ती खिडकी मिटली. घरात कुणाला काही बोलला नाही.

आता मी कितीतरी टेबलांवर चालतो, तसाच मुका. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनो, चूक वाईट दिसते म्हणून तिचं तोंड दाबू नका. एक ओळ लिहा, माझी खबर माणसापर्यंत जाऊ द्या.

बाबा अजूनही संगणकाजवळून जाताना दोन्ही हात पाठीमागे बांधतात.