बाबांचा होकार

उत्तरायणाच्या सुट्टीत, दुपारी जेवताना, नागनाथ कांबळे यांनी तो शब्द उच्चारला. सव्वीस वर्षांपूर्वी लातूरकडून सुरतेला आलेले, तेव्हापासून डिंडोलीत राहून मागावर काम करणारे आणि सहीपुरतंच लिहिता येणारे ते गृहस्थ. इंग्रजीशी त्यांचा संबंध यायचं कारणच नव्हतं.

"अजून भाकर वाढू का?" बायकोने, सीताबाईंनी विचारलं.

"फेन," ते म्हणाले. सीताबाईंनी अर्धी भाकर वाढली.

शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीचा, प्रज्ञाचा हात ताटातच थांबला. ती जवळच्या शाळेत इंग्रजी शिकवायची आणि बी.ए.ला असताना हा शब्द तिने एका जुन्या इंग्रजी नाटकात वाचला होता. फेन, म्हणजे आनंदाने, खुशीने; आता खुद्द इंग्रजांच्याही बोलण्यातून गेलेला शब्द.

"बाबा, आत्ता काय म्हणालात तुम्ही?"

"व्हय म्हणलो की."

"व्हयच म्हणले," माय म्हणाली. "शाळेतल्या पोरांनी कान बिघडवले तुझे."

पुढचे काही आठवडे प्रज्ञा लक्ष ठेवून ऐकत राहिली, कारण आता तिला त्याचं मोठं कुतूहल वाटू लागलं होतं. शेजारच्या भिकनने टीव्हीवर मॅच बघायला बोलावलं, तेव्हा बाबांनी स्वच्छ 'व्हय' म्हटलं. मुकादम दारात येऊन "नागनाथभाई, चार मशीन और संभालोगे?" असं विचारून गेला, तेव्हा मात्र 'फेन', आणि मुकादमाने तो इतक्या सहज ऐकून घेतला की हा शब्द आपल्याशिवाय कुणाच्याच कानावर पडत नाही, हे तिला कळून चुकलं. उभी हयात खडखडाटात काढलेल्या या माणसाच्या आत कुठेतरी एवढी खुशी शिल्लक आहे, याचं तिला बरंच वाटलं. मग एकदा 'फेन' म्हणून वाढून घेतलेली भाकर बाबा मागच्या दाराने नेऊन गायीला घालताना दिसले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने शाळेतला जाडजूड शब्दकोश काढला. आनंदाने, खुशीने, हे अर्थ होतेच. पण त्याखाली आणखी एक होता, जो नाटक वाचताना तिने पाहिला नव्हता. दुसरा इलाज नाही म्हणून राजी झालेला. शब्द तोच. एका अर्थातून दुसरा केव्हा निघाला, हे काही कोशात दिलेलं नव्हतं.

त्या रविवारी तिने बाबांना विचारलं, "सुरतेला तुम्ही आपल्या मर्जीनं आलात ना?"

"फेन," बाबा म्हणाले आणि हसले. पुढचा प्रश्न तिच्या ओठावर आला होता, पण तांदूळ निवडत बसलेल्या मायकडे बघून तिने तो गिळला.

मार्चमध्ये राकेशचं स्थळ आलं. इच्छापोरच्या कारखान्यात तो सुपरवायझर होता, कमी बोलायचा, आणि लग्नानंतर तिने नोकरी सोडावी असं त्याच्या घरच्या कुणाचंच म्हणणं नव्हतं. दोनदा भेटल्यावर आपल्याला तो आवडतो याबद्दल प्रज्ञाला शंका उरली नाही. तिने मनाला उलटसुलट विचारून पाहिलं होतं.

मंडळी दुसऱ्यांदा घरी आली तेव्हा चहा झाल्यावर राकेशच्या आईने तिचा हात हातात घेतला. "आमचं ठरलंय. पण तुझ्या तोंडून ऐकू दे, बाई. पसंत आहे ना?"

"हो," प्रज्ञा म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली, असं तिला वाटलं.

राकेशच्या आईने पेढा तिच्या तोंडाजवळ आणला, मायने पदराने डोळे टिपले. बाबा मात्र हातातली बशी तशीच धरून तिच्याकडे बघत राहिले होते.

"प्रज्ञा," ते हळूच म्हणाले, "हा कोणता शब्द म्हणलीस, पोरी?"